मालक पाहणारे पुंडलिकमामा

रजा हवी असली की पुंडलिकमामा स्वतःकडेच रजा मागायचे. दिग्रसला कापसाच्या जिनाच्या फाटकासमोर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, चार बल्ल्यांवर टाकलेली टिनं! एका बल्लीला वाटीएवढा आरसा टांगलेला. त्यापुढे टोपी काढून उभे राहायचे आणि म्हणायचे, "साहेब, उद्या सुटी पाह्यजे होती. लगन हाय." मग टोपी घालायची, आवाज जाड करायचा आणि म्हणायचं, "काहून? आताच तं घेतली होती!" बहुतेकदा सुटी नामंजूरच व्हायची. मग दिवसभर पंक्चर काढता काढता माझ्याजवळ कुरकुर चालायची. "हा मालकबी काही धड नाही, इमल. पन याले सोडून जाऊ कुठी?"

मी त्यांची शेजारीण. आमची न् त्यांची भिंत एक. नात्यानं ते माझे मामा नव्हेत, पण आमच्या अख्ख्या मोहल्ल्याचे मामा तेच. बायको कधीच वारली होती, लेकरू नव्हतं. संध्याकाळी आई माझ्या हाती त्यांचं ताट पाठवायची. "कायले आनलं वं?" असं ते रोज विचारायचे आणि माझं उत्तर ऐकायच्या आत जेवायला बसलेले असायचे.

दुकान टाकण्याआधी मामांनी नाना नोकऱ्या केल्या. जिनात, तेलाच्या घाण्यावर, लाकडाच्या टालावर, एका वकिलाच्या घरी. काही त्यांनी सोडल्या, काही ठिकाणी त्यांनाच सोडलं. एवढ्या धक्क्यांतून त्यांना एक नाद लागला होता, तो म्हणजे मालक ओळखायचा. लोक मुलगी पाहायला जातात, मामा मालक पाहायला जायचे. मोहल्ल्यातल्या कुणाला नोकरीसाठी बोलावणं आलं की त्याच्या बापाच्या आधी मामा तयार. धुतलेलं धोतर, वर काळा कोट. भर मे महिन्यात, घामानं निथळत, पण कोट हवाच. "आपन त्याले पाहून राह्यलो हे त्याले समजलं पाह्यजे," म्हणायचे.

आत गेले की साहेबाकडे बघायचेच नाहीत. साहेब बोलतोय आणि मामा छत बघताहेत, कोपरे बघताहेत, दाराबाहेरच्या चपला बघताहेत. "जबान नोको आयकू. जागा पाह्य," हा त्यांचा मंत्र. जुन्या कारकुनाच्या तोंडावर माशी बसली आणि त्यानं ती हाकलली नाही, तर तिथं माणूस थकलेला आहे. साहेब म्हणाला, "इथं आपण सारे घरचेच," तर तिथून पाय काढायचा. "घरच्याले कोनी पगार देते काय? घरचा म्हनून रातंदिवस राबवते आन सनाले एक लुगडं देते." आणि सगळ्यात शेवटी, उठता उठता, त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "आधीचा कुठी गेला?" साहेब आधीच्या माणसाला शिव्या देऊ लागला की मामा नमस्कार करून बाहेर.

आता ते प्रत्येक वेळी बरोबर असायचे असं मुळीच नाही हो! टालावरची एक चांगली नोकरी त्यांनी रामभाऊच्या पोराला घेऊ दिली नाही, कारण मालकाचा कुत्रा हडकलेला होता. "जो कुत्र्याले उपाशी ठेवते थो मानसाले काय ठेवनार?" कुत्रा नुसता आजारी होता. पुढं तो ढोल झाला आणि रामभाऊ रोज मामांना तो कुत्रा दाखवायचा. मामा म्हणायचे, "हा दुसरा कुत्रा हाय."

एका बाबतीत मात्र ते कधी थट्टा करत नसत. आमच्या मोहल्ल्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन थोडीच वर्षं झाली होती. देव घरातून गेले होते, पण गावात कित्येक ठिकाणी आम्हाला अजून पाणी वरून ओतून देत, आणि ते ओंजळीनं प्यावं लागे. मामा सांगायचे, "पगाराचं मंग इचार. पयले पानी माग. पेला हातात देला तं बसजो. वरून ओतलं तं घरी चाल."

मी मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या घरात एकच ध्यास होता. आई जिनात सरकी काढायच्या यंत्रावर, रेच्यावर, कापूस टाकायची. तिथल्या उडत्या कापसानं तिची छाती भरून गेली होती. खोकायला लागली की भिंतीला धरून बसायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिन सोडा, नाहीतर मी काही सांगत नाही. मला नोकरी लागली की आईनं जिन सोडायचं, हे आमचं ठरलेलं. फक्त आईची एक अट होती. "पुंडलिकभाऊ हो म्हनन तिथीच जायचं. पोरीची जात हाय."

झालं! मामांच्या अंगात संचारलंच.

पहिलं बोलावणं आलं तेलाच्या कारखान्यातून, लिहिण्याच्या कामाचं. शेठ गोड बोलत होते. तेवढ्यात बाहेर जिनाचा भोंगा झाला. मामांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. चांगलंच मागं होतं. त्यांनी मुनीमजींना हळूच विचारलं, "घडीले चाबी कोन देते बाप्पा?" मुनीमजी भोळा माणूस. म्हणाला, "शेठ स्वतः देतात. रोज दुपारी." "म्हंजे सुटी रोज उशिरा," मामा माझ्या कानात म्हणाले, माझा हात धरला आणि आम्ही बाहेर.

दुसरं एका शाळेत. तिथल्या चिटणीसांनी "आपण सारे एका कुटुंबातले" म्हटलं, आधीच्या बाईंना कृतघ्न म्हटलं आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं. शिपाई तांब्या उंच धरून उभा राहिला. मी हात पुढे केलेच नाहीत. तो उभा, मी उभी. तिथं मामांना काही बोलावंच लागलं नाही.

तिसरं कापडाच्या पेढीवर. पगार चांगला, पेला हातात, घड्याळ बरोबर. मी मनात आईला जिनातून काढूनही आणलं होतं. बाहेर येऊन मामा म्हणाले, "नोको."

"आता काय झालं?"

"मालक इनोद करते तवा नोकर इनोद संपायच्या आंधीच हासते. भेव हाय तिथी."

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात मी ओरडले, "मामा, तुम्हाला माणसं हसली तरी चालत नाही, कुत्रा हडकला तरी चालत नाही! तिकडं आई खोकून खोकून मरायला टेकली आहे. तुम्हाला मालक सापडेपर्यंत ती राहणार आहे का?"

मामा पुढे चालू लागले. पार घराजवळ आल्यावर म्हणाले, "रातभर खोकते तुही माय. मले आयकू येते नं वं. भितीच्या इकडूनच आयकतो मी." आणि आत निघून गेले. मला वाटलं, आता हे काही पुन्हा येत नाहीत. पण पांढरकवड्याचं बोलावणं आलं त्या दिवशी दारात काळा कोट हजर.

पांढरकवड्याला मुलींचं एक वसतिगृह होतं. कोलामांच्या, गोंडांच्या, बंजाऱ्यांच्या पोरी तिथं राहून शिकायच्या. त्यांच्यावर देखरेख करायला बाई हवी होती. राहायला खोली मिळणार होती आणि आईला सोबत आणायची मुभा होती. आईला कळल्यापासून ती भांडी मोजत होती, कोणती न्यायची, कोणती नाही.

यवतमाळला एस.टी. बदलून आम्ही पोचलो. वसतिगृहाच्या मोठ्या बाई पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या. आम्ही ओट्यावर चढतो न चढतो तोच एका पोरीनं पाण्याचे पेले आणून दोघांच्या हातात दिले. मागायच्या आत! मामांची पंचाईत झाली. पाणी मागायचं कसं आता? पेला हातात धरून बराच वेळ नुसते बघत राहिले, मग प्यायले.

मग सुरू झाली तपासणी. स्वयंपाकघर पाहिलं. विहिरीत वाकून पाहिलं. पोरींना विचारलं, "जेवाले पोटभर भेटते काय?" त्या खिदळल्या आणि एकीनं त्यांच्या कोटाला हात लावून पाहिला. बाई पोरींवर रागावल्या, पोरी तरीही खिदळत राहिल्या. शेवटी मामांनी आपला हुकमी प्रश्न काढला. "आधीची कुठी गेली?"

"लग्न झालं तिचं," बाई म्हणाल्या. "आत आहे. बाळंतपणाला माहेरी आली होती, आज भेटायला आली. बोलावू का?"

आधीची बाळ घेऊन बाहेर आली. मामांनी तिला काही विचारलं नाही. बाळाचा पाय तेवढा धरला आणि सोडला.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हळूहळू त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मच्छर किती, साप निघतात का, भिंत पावसाळ्यात ओली होते का, असले प्रश्न ते उगाच विचारू लागले. बाई शांतपणे उत्तरं देत होत्या. मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही हिचे कोण?"

मामा गडबडले. कोट ओढला, घसा खाकरला. "मी? काही नाही. भित एक हाय आमची."

बाहेर पडून आम्ही बसस्टँडपर्यंत चालत आलो. इथंही मामा नाही म्हणाले तर आई ऐकणार होती, आणि पुन्हा रेच्यावर उभी राहणार होती. शेवटी मीच विचारलं, "मामा, काय सांगायचं आईला?"

"हो म्हन. चांगली हाय जागा. बाई चांगली हाय."

"काहीच खोट नाही?"

ते रस्त्यावरच्या ट्रककडे बघू लागले. "एक हाय," म्हणाले. "दिग्रसहून लय दूर हाय वं."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. मी इकडं येणार, आई इकडं येणार, आणि भिंतीच्या त्या बाजूला कुणीच उरणार नव्हतं. एक 'नोको' म्हटलं असतं तर सगळं होतं तसंच राहिलं असतं, आणि 'नोको'ला कारण शोधायला त्यांना कधी वेळ लागत होता? मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"हे मायले सांगजो नोको," ते म्हणाले. "थे मंग यायची नाही."

आणि यवतमाळची बस किती वाजता आहे ते विचारायला खिडकीकडे गेले. मघाशीच तर विचारून आले होते.