गोमाजींच्या जाखडीचा बंदोबस्त

"उज्ज्वला, आता ब्रह्मदेव जरी आला तरी त्याला हा व्हिडिओ चोरता येणार नाही!" सुहासने बायकोला ठणकावून सांगितलं.

पोलादपूरला कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या सुहासने शाहीर गोमाजींची जाखडी, म्हणजे कोकणातला नाचगाण्याचा कार्यक्रम, तिकीट काढून घरबसल्या फोनवर बघता यावी म्हणून ॲप बनवलं होतं. गेल्या वर्षी कोणीतरी त्यांचा कार्यक्रम फुकट पसरवला आणि तिकीट काढून बघणारे औषधालाही उरले नाहीत. यंदाही तेच झालं तर त्यांचं मंडळ मोडणार होतं. म्हणून सुहासचा जालीम बंदोबस्त! स्क्रीनशॉट काढला की नुसता काळोख, आणि जो बघेल त्याचं नाव व्हिडिओवर सतत फिरणार. चोरी झालीच तर चोर नावानिशी हाती!

रविवारी जाखडी सुरू झाली. डोंबिवलीत सेजल आपल्या नवऱ्याच्या, सुशांतच्या फोनवर बघत होती. गोमाजींनी आपल्या दिवंगत गुरूंचं गाणं धरलं आणि तिचा बांधच फुटला. स्क्रीनशॉट काळा आला, म्हणून तिने आपल्या फोनने पडद्याचा फोटो काढला आणि वरंधच्या, सासरच्या गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'रडू आवरत नाय.'

फोटोत गोमाजी हुंदके देतायत आणि त्यांच्या छातीवर ठळक अक्षरांत नाव, सुशांत!

ग्रुपवर श्रद्धांजलीचा पूर आला. सुशांतच्या काकांनी सेजलला फोन लावला.

"सेजल, खरा हाय काय गो?"

"खरा हाय, काका! बघवत नाय!" सेजल हुंदक्यातच म्हणाली आणि पुन्हा गाण्याकडे वळली.

थोड्या वेळाने सुहासचा फोन खणखणला.

"सुहासभाऊ, मी सुशांत! माझ्या मयताला गावातनं दोन गाड्या निघाल्यात!"

"अरे, मग जिवंत आहेस म्हणून सांग ना!"

"सांगितला! काका म्हणतो, आजकाल आवाज बनवून फसवतात. व्हिडिओ कॉल केला, तर म्हणतो, तोंडपण बनवतात!"

सुहासने घाईघाईत ॲप उघडलं. नावं काढायला म्हणून त्याने दिसेल ते बटण दाबलं. तिकडे सुशांतने काकांना शिमग्यात पालखीपुढे त्यांचं धोतर कसं सुटलं, ते साग्रसंगीत ऐकवलं. हे मशिनला ठाऊक असणं शक्य नव्हतं! गाड्या महाडवरून माघारी फिरल्या.

सुहास जरा टेकतोय तोच गोमाजींचा फोन.

"सुहासराव, मानला तुम्हाला! आता नाव येत नाय, तिकीट लागत नाय, व्हिडिओ कुणालापण पाठवता येतो! मी सोताच सगळ्या ग्रुपवर टाकलाय. तुमच्याकडं आला का नाय?"