तम्मण्णांच्या खड्ड्यात फेस

घुशींचा बंदोबस्त दुपारच्या जेवणाआधी होईल, आप्पांनी फक्त पोतं धरून उभं राहायचं, असं सौरवनं चहा पिता पिता जाहीर केलं.

आप्पा म्हणजे त्याचे वडील, मारुतीराव. वडगावातल्या त्यांच्या घराचं परसू घुशींनी असं पोखरलं होतं की धुण्याचा दगड कलंडून नमस्काराला वाकल्यासारखा दिसत होता. आदल्या दिवशी मारुतीरावांनी बिळात मिरच्यांचा धूर सोडून बघितला. धूर एका तोंडानं आत गेला, हातभर अंतरावरच्या दुसऱ्या मोठ्या तोंडानं बाहेर आला आणि सगळी गल्ली शिंकत बसली. घुशी तेवढ्या शिंकल्या नाहीत.

पण सौरवची गोष्ट वेगळी. तो तेलाच्या कंपनीत होता, जमिनीखाली खडकात अडकून राहिलेलं तेल बाहेर काढायच्या खात्यात, आणि सध्या सुट्टीवर आला होता. त्यानं वडिलांना नीट समजावून सांगितलं. तो खडक आपल्या जांभ्या चिऱ्यासारखा, आत सगळी भोकंच भोकं. त्यात नुसता वायू सोडला की तो तुमच्या धुरासारखाच रुंद वाटेनं पळून जातो. बारीक वाटांतलं तेल जागचं हलत नाही. म्हणून वायूचा फेस करायचा. फेस रुंद वाटेत फुगून अडून बसतो, मग मागून येणाऱ्याला बारीक वाटांत शिरावंच लागतं, आणि तिथलं तेल ढकललं जाऊन मुकाट बाहेर येतं. तेलाच्या जागी घुशी धरा, झालं.

मारुतीरावांना यातलं पोतं धरण्यापुरतं कळलं. पण पोरगा एवढा शिकलाय तर शिकूनच बोलत असणार, म्हणून ते काठी आणि पोतं घेऊन उभे राहिले.

सौरवचा दोस्त भरमू याचं सांबरा रोडला गाड्या धुण्याचं सेंटर होतं. तो फेसाची टाकी आणि कॉम्प्रेसर टेम्पोत घालून घेऊन आला. नळी बिळात गेली, कॉम्प्रेसर धडधडायला लागला. थोड्या वेळानं दुसऱ्या तोंडावर फेस वर आला आणि पांढऱ्या टोपीसारखा तिथंच बसून राहिला. सौरवला कोण आनंद झाला. रुंद वाट बंद झाली, आता फेस बारीक वाटांत शिरणार.

आणि तो शिरलाही. पुस्तकात लिहिल्याबरहुकूम सगळं घडत होतं. फक्त त्या बारीक वाटा जातात कुठं, एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

त्या जात होत्या भिंतीपलीकडं, तम्मण्णांच्या घरात. गल्लीत सगळ्यांनी पॉवरलूम घेतले तरी तम्मण्णांनी आपला हातमाग सोडला नव्हता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. रविवारी त्यांच्या मुलीचा, करिष्माचा साखरपुडा होता. तिची साडी मागावर होती आणि वीतभर पदर तेवढा विणायचा राहिला होता.

तम्मण्णांना शुगर होती. पायांची संवेदना जाईल, जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळं पायांना अचानक गार, मऊ, काहीच नसल्यासारखं लागलं तेव्हा त्यांनी धोटा शांतपणे खाली ठेवला आणि बायकोला हाक मारली.

"सत्यवती, माझं पाय गेलं बघ."

सत्यवतीबाईंनी येऊन वाकून बघितलं. गुडघ्याखाली नवरा नव्हता. नुसतं पांढरं होतं, आणि ते वर चढत होतं. त्यांनी दाराचा आधार घेतला. तेवढ्यात त्या पांढऱ्यातून एक पांढरा जीव वर आला, खड्ड्याच्या काठावर बसून एकदा शिंकला आणि पुढच्या दारानं निघून गेला. मग मात्र सत्यवतीबाईंनी जी किंकाळी फोडली ती परसात कॉम्प्रेसरवरूनही ऐकू आली.

सौरव भिंतीवरून उडी मारून आत धावला. फेस मागावरच्या रेशमाला टेकायला चार बोटं उरली होती. फेस कशानं मरतो हे त्याच्याइतकं गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. तेलानं! खडकातलं तेल फेसाचा जीव घेतं, हीच तर त्याच्या नोकरीतली रोजची डोकेदुखी. त्यानं सत्यवतीमामींकडं तेल मागितलं. साखरपुड्याच्या तळणासाठी आणलेला शेंगदाणा तेलाचा डबा आला. सौरव जमिनीवर पालथा पडला आणि ताण्याखालून हात घालून वाटीवाटीनं तेल सोडायला लागला. फेस फसफसत खाली बसला.

आणि परत वर आला. कॉम्प्रेसर चालूच होता.

"पुरं, पुरं," सौरव पडल्या पडल्या ओरडला.

भिंतीपलीकडं मारुतीरावांनी कान टवकारले. "फुडं, फुडं म्हणालाय. भरमू, सगळा सोड."

भरमूनं सगळा सोडला. इकडं फेस चढायचा, सौरव तेल ओतायचा, फेस बसायचा, परत चढायचा. मध्ये खड्ड्यात बसलेले तम्मण्णा हलायला तयार नव्हते; पाय नसलेला माणूस उठणार कसा, असं त्यांचं म्हणणं. टाकी रिकामी झाली तेव्हाच हे थांबलं. डबाही त्याच सुमाराला संपला.

साडी कोरडी राहिली. सत्यवतीबाईंनी ती दहा वेळा हात फिरवून बघितली तेव्हा कुठं त्या खाली बसल्या. तम्मण्णांनी दोन्ही पाय वर घेतले. गुडघ्यापर्यंत तेलानं चकचकत होते. त्यांनी अंगठे हलवून बघितले, हलले. मग त्यांनी उपड्या डब्याकडं बघितलं, तेलानं थबथबलेल्या खड्ड्याकडं बघितलं आणि कोपऱ्यात उभ्या सौरवकडं वळले.

"पोरा, नोकरीत तू काय करतोस म्हणालतास?"

"जमिनीतनं तेल काढतो, मामा."

"व्हय? मग ह्ये तेवढं काढ."

सौरवनं बाह्या सरसावल्या आणि मामींकडं फडकं मागितलं.