शेजारी कळवेल

सन २०१२ मध्ये टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा पहारेकरी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी काड्यापेटीएवढे डझनभर बिनतारी सेन्सर रुजू झाले. पहारेकरी रोज टाकीभोवती फेरी मारून, सगळी गल्ली जिला आत्या म्हणे तिच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकायचा. सेन्सर पाणी पीत नसत, बॅटरी पीत. बॅटरी बदलायला शिडी लागे, आणि शिडी आदल्याच वर्षी धोकादायक ठरवून मोडीत काढलेली. सबब, पाणीपुरवठा खात्यात ऊर्जाबचत कक्ष स्थापन झाला. प्रमुख आत्याचा भाचा.

आत्याचं घर टाकीच्या पायथ्याशी. टाकीकडच्या मागच्या भिंतीला लागून तिचं शिलाई मशीन. त्यावरच तिचं पोट.

पहिल्या अपडेटने भाच्याने सेन्सरना झोपायला शिकवलं: अधूनमधून डोळे उघडायचे, टाकीची भिंत कोरडी आहे ना बघायचं, पुन्हा आडवं व्हायचं. पण अपडेट घेता घेताच थोडी बॅटरी उतरली. म्हणून दुसरं अपडेट एकालाच धाडलं. त्याने ते शेजाऱ्याच्या कानात सांगायचं, शेजाऱ्याने पुढच्याच्या. तिसरं तर एकाच ओळीचं: 'ओल आढळल्यास शेजाऱ्यास कळवू द्यावे, आपण बॅटरी वाचवावी.'

ते सर्वांनी मनापासून पाळलं. खर्च शून्यावर आला. कक्षाला पारितोषिक जाहीर झालं.

त्याच सुमारास आत्याने फोन केला.

"अरे, टाकीला ओल आलीय. हातभर होती, आता पुरुषभर झालीय."

"यंत्रणेत ओल नाही, आत्या."

"यंत्रणेत नसेल. भिंतीवर आहे."

"असती तर एक तरी सेन्सर बोलला असता."

"मग उठव की मेल्यांना!"

"उठवायला अपडेट पाठवावं लागेल. ते घ्यायला आधी सेन्सर जागे हवेत."

"मग तूच येऊन बघ. माझं मशीन आहे रे भिंतीशी!"

"मी येऊन बघितलं तर यंत्रणेवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. गुरुवारी समारंभ आहे. तेवढा होऊ दे."

गुरुवारी तिकडे टाळ्या पडल्या, इकडे टाकी फुटली. आत्या अंगणात होती म्हणून वाचली. मशीन चौकापर्यंत वाहत गेलं.

चिखलात सगळी गल्ली जमली.

"मी महिन्यापूर्वीच पाहिली होती ओल," शेजारचे मास्तर म्हणाले.

"मग कळवलं का नाहीत?" आत्याने विचारलं.

"मला वाटलं, डॉक्टर कळवतील."

डॉक्टरांना वाटलं होतं, आत्या कळवेल. भाचाच खात्यात म्हटल्यावर! संध्याकाळी फिरायला येणाऱ्या पहारेकऱ्यालाही ओल दिसली होती, पण तो निवृत्त होता. गल्लीला कुणी अपडेट पाठवलं नव्हतं. तिच्यात ते मुळातच होतं.

पुढे भाच्याला बढती मिळाली. आता तो इतर शहरांना सल्ला देतो. सेन्सर गाळात सापडले, बॅटऱ्या जवळजवळ भरलेल्या. चौकशी समितीने त्याची गौरवपूर्वक नोंद घेतली. पहारेकरी म्हातारपणाने गेला. मशीनचं चाक तेवढं आत्याने जपून ठेवलंय. ती आता एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. तिथल्या जिन्यात छताला भेग आहे. येणारेजाणारे त्या भेगेला वळसा घालून जातात.

तुमच्याही जिन्यात आहे ना तशी एक? असू द्या. कळवलं असेलच कुणीतरी.