डाव्या बुटाची फिर्याद

माझी वस्तू आजवर कोणी चोरलेली नाही. सांगलीत माझ्या छत्रीच्या दांड्यावर माझं नाव कोरलेलं होतं, सायकलीला साखळी होती आणि साखळीला कुलूप. त्यामुळे माणसं मला जरा टाळत, पण वस्तू शाबूत राहत. असा माणूस परमुलखात गेला तर सावध व्हायचं ते तिथल्या चोरांनी, अशी माझी समजूत होती.

परमुलूख म्हणजे गडचिरोली. सरकारनं नकाशावरची एक रेघ पुसली, विदर्भ आणि आम्ही एका राज्यात आलो, आणि त्या आनंदात सत्तावन साली शाळा-तपासनीस म्हणून माझी बदली थेट चांदा जिल्ह्यात झाली. बायको म्हणाली, "तिथले वाघ गेले की कळवा, मी येते." वाघ हलवण्याची कुठलीही योजना सरकारकडे नव्हती. तेव्हा भाड्याच्या खोलीत मी एकटा. बोलणारा मीच, ऐकणाराही मीच, आणि माझी सगळी मतं मला आधीच ठाऊक. पोस्टमन दारावरून जाताना दिसला की मी उगाच खोकून बघे. त्याला नेहमी घाई असे.

म्हणून दौरा निघाला की मला बरं वाटे. भादव्यात मी कोसमटोल्याला गेलो. तिथली शाळा पत्रूच्या ओसरीत भरे. पत्रू हा गावचा भूमिया, म्हणजे गावाच्या देवांचं आणि शेतीच्या सणांचं बघणारा गोंड पुढारी. तपासणी आटोपली, पण ओढा चढला आणि मी पत्रूकडेच अडकलो. त्याची बायको सुकरी भात आणि बांबूच्या कोंबांची भाजी वाढे, आणि अख्खं गाव मला जेवताना बघायला येई.

"साहेब, तुमच्या सांगलीले धान होते का?"

"नाही. ऊस होतो."

"मंग खाता काय?"

"ज्वारी."

"आन् ऊस?"

"तो विकतो."

यावर गाव बराच वेळ विचार करी. मग दुसरा कोणी येऊन तेच विचारी आणि मी तेच सांगे. खोलीत वर्षभरात झालं नसेल एवढं बोलणं माझं त्या ओसरीत झालं. पण सरकारी माणूस करमतं म्हणून मुक्काम वाढवू शकत नाही. ओढा उतरला आणि मी पिशवी भरली.

आणि बूट एकच. उजवा. डावा बूट नाही.

मी ओसरी पाहिली, अंगण पाहिलं, कोंबड्यांच्या डालग्याखाली पाहिलं. तिथल्या कोंबडीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिचं काही उचललंय.

"पत्रूभाऊ, माझा एक बूट दिसत नाही."

"असंन् कुठी तरी," पत्रू म्हणाला आणि हसला. "बसा ना."

"मला निघायचंय."

"एका बुटानं कसे जाता? बसा. उद्या मिलते."

सुकरी उखळात नवं धान कांडत होती. तीही हसली. शेजारचा म्हातारा इतवारी कुंपणावरून डोकावून म्हणाला, "उद्या नक्की मिलते, साहेब." त्याच्या मागं आणखी माणसं जमली आणि सगळीच हसायला लागली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही टोळी होती. दोन दिवस मला भात घालून, ऊस-ज्वारीच्या गप्पांत गुंगवून यांनी डाव साधला होता. वस्तू उचलायची आणि उद्या मिळेल म्हणून वर हसायचं, एवढा निर्ढावलेपणा मी सांगलीतही पाहिला नव्हता.

"मला पोलीस चौकीवर जायचंय," मी कडक आवाजात म्हणालो.

पत्रूचा चेहरा खुलला. "हवालदाराले बी बोलावता का? लय बेस सुचलं तुमाले. थांबा, गाडी जुंपतो."

आणि ज्याच्यावर माझा संशय होता, तोच मला आपल्या बैलगाडीतून फिर्याद द्यायला घेऊन निघाला. वाटभर गाणं म्हणत होता. मी मागं एका पायात बूट घालून, दुसरा पाय गवतात खुपसून, त्याच्याविरुद्ध द्यायच्या जबानीची वाक्यं जुळवत होतो.

चौकीवर हवालदार गुणवंतराव खाटेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं.

"एकच बूट?"

"एकच. डावा."

"म्हंजे चोराले एकच पाय हाय." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "एका पायाचा माणूस या भागात एकच. माहा सासरा. उजवा पाय अस्वलानं नेला त्याचा."

"तसं नसेल हो."

"काऊन नसंन्? डावा शाबूत हाय." इतक्या उत्साहानं त्यांनी कागद ओढला की सासऱ्याविषयी मलाच काळजी वाटायला लागली. म्हणून मी घाईनं सांगितलं, की माझा संशय माझ्या यजमानावर आहे, आणि तो बाहेर बैल धरून उभा आहे.

गुणवंतरावांचा उत्साह मावळला. पत्रूला आत बोलावलं.

"काऊन रे, साहेबांचा बूट तू घेतला?"

"हो ना," पत्रू म्हणाला. "मीच लपवला. धानाच्या ढोलीत हाय."

मी हवालदारांकडे विजयानं पाहिलं. हवालदार माझ्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात विजयासारखं काही नव्हतं.

"साहेब, उद्या नवं हाय," ते हळू म्हणाले. "नव्या धानाचा पयला भात देवाले दाखवतेत, मंग सारं गाव संगं जेवते. पावणा आवडला, त्यानं जाऊ नये असं वाटलं, तं इथले लोक 'राहा' म्हणत नाई. म्हटलं तं त्याले नाई म्हणाची लाज वाटंन्. जोड्यातला एक लपवून ठेवतेत. पावण्यानं समजाव, हसाव आन् खाली बसाव. बस, इतलंच." त्यांनी कागद उचलला. "पन तुमी फिर्याद देली. यानं कबूल केलं. लिहून घेतलं तं आज याले गडचिरोलीले न्या लागंन्. नव्याच्या पूजेले भूमिया नसंन् तं गावात चूल पेटत नाई. बोला, लिवू का?"

"नको, नको," मी म्हणालो. "फाडा तो कागद. माझी फिर्यादच नाही."

गुणवंतरावांनी कागद फाडला. इतका वेळ पत्रू आम्हां दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. ओठांवर हसू होतं, पण ते आता नुसतं विसरून राहिल्यासारखं होतं.

"साहेब," त्यानं विचारलं, "म्हंजे तुमी माह्याच नावानं आले होते का इथी?"

मी वाकून उजव्या बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

परतताना त्यानं गाणं म्हटलं नाही. सुकरीनं ढोलीतून, म्हणजे धानाच्या कणगीतून, बूट काढून आणला. त्याला तेल लावून ठेवलं होतं, नव्यानं शिवल्यासारखा चकाकत होता. मी म्हणालो, "पत्रूभाऊ, मी राहतो की उद्या."

"नाई साहेब," तो अदबीनं म्हणाला. "तुमाले काम हाय."

पुढच्या भादव्यात मी कोसमटोल्याची तपासणी बरोबर नव्याच्या आदल्या दिवशी लावली. स्वागत उत्तम झालं. कुठून तरी खुर्ची आणली होती. सांगलीत काय होतं हे कोणी विचारलं नाही. माझे बूट, छत्री, पिशवी अंगणात कोऱ्या चटईवर मांडली होती आणि इतवारी शेजारी काठी घेऊन कोंबड्या हाकलत होता. वस्तूंना कुणाचा हात लागू नये म्हणून.

तपासणी झाली. कोणी काही लपवेना. मी बूट आत नेले, डावा खाटेखाली पायानं दूर सारला आणि एका बुटात बाहेर आलो. पत्रूला जमलं होतं तसं हसत म्हणालो, "पत्रूभाऊ, माझा एक बूट दिसत नाही."

सुकरीचं कांडणं थांबलं. इतवारीनं काठी खाली ठेवली आणि दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढं धरले.

पत्रू गोठ्यात गेला, बैल सोडून आणले आणि गाडीला जुंपले.

"चला साहेब," तो म्हणाला. "चौकीवर सोडून देतो."

मी आत जाऊन खाटेखाली वाकलो आणि बूट काढला. सापडला म्हणून सांगितलं.

"बरं झालं," पत्रू म्हणाला. आणि गाडी जुंपलेलीच होती, म्हणून तिच्यातूनच त्यानं मला गडचिरोलीच्या वाटेला नेऊन सोडलं.