फ्लेक्सवरचा बैरागी

पवनेपासून इंद्रायणीपर्यंत माझ्यासारखा नट झाला नाही. हे मी म्हणत नाही, सगळं मावळ म्हणतं. मोठ्यानं म्हणत नसेल, तर लाजत असेल.

तर 'बुरुजावरचा बैरागी' हे पाच अंकी नाटक मीच लिहिलं, मीच बसवलं आणि बैरागीही मीच. पुण्याच्या नाट्यमहोत्सवासाठी नाटकं निवडणाऱ्या शुभदाताई खास आमच्या लोहगडवाडीत प्रयोग बघायला येणार होत्या. त्यांनी मान हलवली की मी पुण्याच्या रंगमंचावर. नाही हलवली, तर माझं वय बघता, पुढचा प्रयोग थेट इंद्रदरबारात!

जाहिरातीत मी कसर ठेवली नाही. कामशेतच्या फ्लेक्सवाल्याला सांगितलं, माझा चेहरा एवढा मोठा कर की खंडाळ्याच्या घाटातून ओळखू आला पाहिजे. त्या बिचाऱ्याचा हात बसलेला वाढदिवसांवर. त्यानं मला हात जोडायला लावले, सोनेरी चौकट दिली, भोवती गुलाब फुलवले. नाटकाचं नाव खाली कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात. शेजारी तेवढा एक लालभडक बाण : 'प्रयोग इकडे'. फ्लेक्स फाट्यावर लागला आणि मी निवांत झालो.

आता आमच्याकडची रीत अशी, की वाढदिवस उलटला की फ्लेक्स ज्याला सापडेल त्याचा. आमच्या वाडीतल्या निम्म्या गोठ्यांवर पुढाऱ्यांनीच पाऊस अडवलाय. आमच्या वाडीतल्याच विठ्ठलनं फाट्यावर माझा फोटो बघितला. माझा वाढदिवस आठवड्यापूर्वीच झालेला त्याला ठाऊक. त्यानं प्रयोगाच्या दिवशीच सकाळी फ्लेक्स उतरवला आणि गोठ्याच्या पश्चिमेच्या, रस्त्याकडच्या बाजूला ताणून बांधला. बाणाचं टोक बरोबर गोठ्याच्या दाराकडे!

संध्याकाळी मी शाळेच्या पटांगणात दाढी चिकटवून उभा. नाटकातली दाढी इथं कुठली गवसायला, वाळल्या गवताचीच केली होती. समोर खुर्च्या रिकाम्या. तेवढ्यात शुभदाताईंचा मेसेज आला : 'पोचलो. काय जागा निवडलीत! फोन बंद करते, सुरू झालंय.'

काय सुरू झालंय?

त्रिशूळ घेऊन धावत सुटलो. विठ्ठलच्या गोठ्यापुढं गाड्यांची रांग. पुण्याची मंडळी पेंढ्यांवर मांडी घालून, हाताची घडी घालून बसलेली. आत विठ्ठल आणि त्याची बायको नंदाबाई यांची जुंपलेली. लोक बघत बसलेत याचं त्यांना काहीच नाही, पर्यटक तर आमच्याकडे शेण भरतानाही फोटो काढतात.

विठ्ठलनं म्हैस आपल्या बहिणीला द्यायची कबूल केली होती. म्हैस नंदाबाईच्या माहेरची.

"मी शब्द दिलाय तिला," विठ्ठल म्हणाला.

"मग शब्दच पाठवा," नंदाबाई धार काढता काढता म्हणाली. "त्येचंच दूद काढंल ती."

टाळ्या पडल्या. शुभदाताई डोळे पुसत होत्या.

मी वाकून त्यांच्या कानाशी म्हणालो, "ताई, नाटक हे नाही. नाटक शाळेत आहे."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला हलकेच पुढं ढकललं. माझी एन्ट्री झाली असं त्यांना वाटलं! नंदाबाईनं मला बघितलं. "बरं झालं आबा आलं. आबा, तुमीच सांगा, म्हस कुणाची?"

सगळा प्रेक्षकवर्ग माझ्याकडे बघतोय. असा क्षण नटाच्या आयुष्यात एकदाच येतो. मी त्रिशूळ उंचावला, छाती फुगवली आणि पाचव्या अंकातला माझा जळजळीत संवाद सुरू केला, "हे काळपुरुषा..."

म्हशीनं शांतपणे मान वळवली आणि माझी दाढी खाल्ली.

असा हशा मी आयुष्यात घेतला नव्हता. विठ्ठललाही हसू आवरेना. हसता हसताच तो बायकोला म्हणाला, "न्हाई देत. ठेव तुझी म्हस." आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

दुसऱ्या दिवशी शुभदाताईंचा फोन आला. नाटक निवडलं होतं! इतकं अस्सल काम त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. विठ्ठल, नंदाबाई आणि म्हैस, तिघंही महोत्सवाला हवेत. बदल फक्त एकच सुचवला.

"तो बैरागी काढून टाका," त्या म्हणाल्या. "फार नाटकी वाटतो."