टॉवेलाखालचं प्रोटीन

राठोड सरांचा तास म्हणजे बैलबाजार. अकरावीच्या वर्गात ते खांद्यावरचा टॉवेल एखाद्या पोराच्या हातावर टाकायचे, खाली आपला हात घालून त्याची बोटं दाबायचे आणि विचारायचे, "सांग, काय बोलून राहिलो?" सरांचे वडील तांड्यावरचे, बैलांचे व्यापारी. त्या धंद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत, कापडाखाली बोटांनी सांगतात.

"पेशीबी अशीच," सर म्हणायचे. "निरोप्या आत जात न्हाई. पेशीच्या अंगावर प्रोटीनचा हात असतो. तो वळखीचं बोट बराबर धरतो, अन् आत कामं सुरू. भलतंच बोट लागलं, तर ढिम्म."

नव्वदीच्या अखेरीस आम्ही सेनगावजवळच्या गोरेगावात एका कॉलेजात होतो. मी मराठी शिकवायचो. सरांची बायको वारलेली, मुलगी लांब नांदायला. संध्याकाळी ते घरोघर चहाला हिंडत. बशी फुंकत माझ्या बायकोलाही पेशी समजावत. ती म्हणे, "भाऊजी, कणीक वाळून राहिली माझी." सर म्हणत, वाळू द्या, हे ऐका आधी.

मग सरांना शुगर निघाली. त्याचाही त्यांनी तास घेतला. "इन्सुलिनबी प्रोटीनच. ते दारात हाका मारून राहिलं, अन् आमच्या पेशी झाल्या बहिऱ्या." वर्ग पोट धरून हसला.

गावानं मात्र मनावर घेतलं. सरांना चहा विचारायचा नाही, असं घरोघर ठरलं. आमच्या घरी ते मीच ठरवलं. आणि चहा न देता माणसाला 'बसा' म्हणायची आमच्यात रीत नाही. सर रस्त्यानं दिसले की आम्ही नुसता हात हलवायचो. काळजीपोटीच.

एका रविवारी शिटा भरल्या की सुटणाऱ्या जीपनं सेनगावला निघालो होतो. सरांनी दारातून हाक मारली. आत स्टोव्हवर पातेलंभर चहा उकळत होता. मी विचारलं, कोण येणार आहे? म्हणाले, येतं कुणी तर. मग माझ्यापुढं कप ठेवला.

"आपल्याला चालत न्हाई भाऊ. तुमी प्या. मी बसतो नुस्ता."

मला कळलं होतं. कळलं नाही असं नव्हतं, हे आज पहिल्यांदाच लिहितोय. उभ्यानंच दोन घोट घेतले, पथ्य सांभाळा म्हणालो आणि जीप भरली असेल म्हणून निघालो.

"काहून घाई करून राहिले?" ते म्हणाले, पण हळूच.

जीप भरायला पुढे तासभर लागला. तो तास मी जीपमध्येच बसून काढला.