वसतिगृहातले माने सर

माने सर कुणालाही भेटले की नाव विचारायच्या आधी विचारायचे, "राहता कुठं?" समोरचा "घरी" म्हणाला की त्यांचा चेहरा पडायचा. एकदा एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेले आणि नवरदेवालाच विचारलं, शिकताना राहायचा कुठं म्हणून. तो म्हणाला, आईवडिलांजवळ. सरांनी नवरीकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की तिच्या मामानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलात काही आहे का हो?"

सर मूळचे वेळापूरचे. आमच्या सोलापूरच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि लागल्यापासून वसतिगृहाचे रेक्टर. लग्न केलं नव्हतं. रेक्टरच्या खोलीत राहायचं, मेसमध्ये पोरांबरोबर जेवायचं. "घरी राहून डिग्री मिळती, अक्कल न्हाय," हे त्यांचं ठाम मत. मी भवानी पेठेत जन्मलो, तिथूनच सायकलवर जाऊन शिकलो आणि त्याच कॉलेजात नोकरीला लागलो. लहानपणी एखादी लस टोचायची राहून गेलेल्या माणसाकडे बघावं, तसं ते माझ्याकडे बघायचे.

पुढे त्यांनी प्राचार्यांचा इतका पिच्छा पुरवला की नियमच झाला: एम.ए., एम.एस्सी.च्या प्रत्येक मुलानं वसतिगृहातच राहायचं, घर गावात असलं तरी. मीटिंगमध्ये मी विरोध केला. मिशा फुटलेल्या पोरांनी कुठं झोपायचं हे ठरवणारे आपण कोण, असं म्हणालो.

"तू गप," सर म्हणाले. "तू अजून आईच्या हाकेच्या अंतरावर हायस."

पहिल्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली एक बाई तक्रार घेऊन आली. तिच्या घरात टॉवेलचे माग. पोरगं जन्मापासून मागाच्या खडखडाटात झोपलेलं, तुमच्या इथल्या शांततेत त्याचा डोळा लागेना, त्याला घरी पाठवा, असं तिचं म्हणणं. मला आतून बरं वाटलं. म्हटलं, आता सर अडकले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सूट कुणालाच न्हाय म्हणून सांगितलं. संध्याकाळी मात्र त्या पोराला पाण्याच्या मोटरीशेजारची खोली दिली. पोरगं असं ढाराढूर झोपायला लागलं की परीक्षेच्या दिवशी दार बडवून उठवावं लागलं.

यथावकाश सर निवृत्त झाले. रेक्टरपद दुसरं कुणी घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडलं. सर जुळे सोलापूर या नव्या वसाहतीत फ्लॅट घेऊन राहायला गेले. लिफ्ट, बाल्कनी, सगळं होतं. आम्ही स्टाफवाले जाऊन चहा पिऊन, फ्लॅटचं कौतुक करून आलो.

पुढच्या प्रवेशांच्या वेळी सर वळकटी घेऊन माझ्या ऑफिसात हजर. एम.ए. इतिहासाला प्रवेश घेतला होता.

"खोली दे," म्हणाले. "नियम हाय."

मी म्हटलं, सर, नियम पोरांसाठी आहे. त्यावर नियमात वय कुठं लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. लिहिलेलं नव्हतं. मसुदा त्यांचाच होता. मग मी रेक्टरच्या अधिकारात त्यांना खास सूट देऊ केली, घरून ये-जा करा म्हणालो.

"सूट कुणी मागितली?" म्हणत ते खुर्चीत बसले. मग खिडकीतून मेसकडे बघत म्हणाले, "फ्लॅट चांगला हाय रे. पर जेवताना शेजारी कुणीतरी आमटीला नावं ठेवायला लागतंय. मीच ठेवून बघितली. न्हाय उतरत घास."

प्राचार्यांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं, आणि ड्रॉवरमधून कोपऱ्यातल्या खोलीची किल्ली काढली. सगळ्यात चांगली खोली ती. उजेड भरपूर आणि आवाज अजिबात नाही.

"ही घ्या, सर. सिंगल आहे. कुणाचा त्रास नाही."

सरांनी किल्ली हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि परत टेबलावर ठेवली.

"सिंगल तर सोडून आलोय की," ते म्हणाले. "दोघांची दे."